जोडतारा आणि कोयता

मी काय काम करते हे आमच्या घरात सगळ्यात आधी कळलं ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. पीएचडीला लागून वर्ष होत आलं होतं आणि तोवर घरच्यांना एवढंच माहीत होतं की थोरली पुण्यात ताऱ्यांचं काहीतरी शिकते. सुट्टीला घरी गेले होते. आबा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, मी ज्या ताऱ्याचा अभ्यास करते ना, तो एक न्हाई, दोन हायत. आपल्या सूर्यापरीस लई मोठे. एकमेकांभवती फिरत्यात. पण इतके लांब हायत की आमच्या दुर्बिणीतून बघा, दिसतो एकच ठिपका."

आबांनी धारेवरून अंगठा फिरवला आणि मान वर न करता म्हणाले, "मंग एक कोयता म्हन की."

मी हसत सुटले. पण त्यांनी विनोद केला नव्हता. आमच्याकडे ऊसतोडीला जाताना माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. दोघं ऊस तोडतात, बायको मोळ्या बांधते आणि गाडी भरताना दोघंही त्या डोक्यावरून वाहतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवून कारखान्याला नेणारा मुकादम अर्ध्या कोयत्याला दारात उभं करत नाही. बायको आजारी पडली की नवरा अर्धा होतो, नवरा गेला की बायको. माझ्या मायबापांचा कोयता माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होता, आणि मी व माझी धाकटी बहीण त्याच्यावरच वाढलो, मी मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात आणि ती बरीचशी उसाच्या फडातल्या पाचटावर, म्हणजे वाळल्या पाल्यावर.

पुस्तकात माझ्या ताऱ्यांना युग्मतारे म्हणतात. मला तो शब्द लग्नपत्रिकेतला वाटतो, म्हणून मी जोडतारे म्हणते. इतके जड तारे भलतेच उधळे असतात. अंगावरचा वायू वाऱ्यासारखा बाहेर फेकत राहतात, सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगानं, आणि झिजत जातात. तारा जितका जड तितकं त्याचं आयुष्य कमी. जोडीतले दोघेही असे वारे सोडत असले की ते मधल्या जागेत एकमेकांवर आदळतात, तिथला वायू कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. हे किरण आपल्या हवेतून खाली पोहोचत नाहीत, म्हणून त्यांची दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते. तिनं टिपलेले किरण मोजत बसायचं, हे माझं काम. दोन तारे वेगळे दिसत नाहीत, त्यांचे वारेही दिसत नाहीत. टक्कर होते ती जागा तेवढी बोलते. भिंतीपलीकडच्या भांडणाच्या आवाजावरून शेजाऱ्याचा संसार ओळखावा, तसा हा प्रकार आहे.

आमच्या जोडीची कक्षा लांबट आहे. एरवी दोघे एकमेकांपासून दूर असतात आणि काही वर्षांनी एकदा अगदी जवळून जातात. जवळ यायला लागले की टक्कर वाढते आणि क्ष-किरणही वाढतात. इथवर कुणालाही पटेल. पण ते सगळ्यात जवळ येतात, आता सगळ्यात जास्त किरण मिळणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि नेमके त्याच वेळी क्ष-किरण बंद पडतात. कित्येक आठवडे जवळजवळ काहीच येत नाही. मग हळूहळू पुन्हा यायला लागतात. त्या काळोखात नक्की काय घडतं यावरून आमच्या क्षेत्रातली शहाणी माणसं हमरीतुमरीवर येतात. काही म्हणतात, टक्कर चालूच असते, फक्त मोठ्या ताऱ्याचा दाट वारा आड येतो आणि ती झाकली जाते. काही म्हणतात, तसं नाही, लहान ताऱ्याचा वाराच दाबला जातो आणि टक्कर विझते. आमचे सर विझण्याच्या बाजूचे होते, मी झाकण्याच्या. ज्या घरात मी वाढले तिथे बायका काहीही झाकू शकतात, त्यामुळे मला तेच पटायचं.

दोन्हीतलं खरं कोणतं हे ठरवायची एक साधी रीत आहे. क्ष-किरणांत काही मऊ असतात, काही कडक. मध्ये पडदा आला तर मऊ किरण अडतात, कडक मात्र आरपार येतात. तेव्हा काळोखाच्या दिवसांत कडक किरण मिळाले तर टक्कर झाकलेली आहे. तेही मिळाले नाहीत तर ती विझली. मी ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी तारे दिवाळीच्या सुमारास जवळ येणार होते, आणि उपग्रहाच्या दुर्बिणीचा वेळ आम्हाला मिळाला होता. तशी संधी पुन्हा कित्येक वर्षं येणार नव्हती. मी हवेत होते.

त्याच हवेत दसऱ्याला घरी गेले. आमचं गाव आष्टी तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं, त्यामुळे घरोघर भांडीकुंडी बांधायची गडबड होती. आमच्या घरात ती दिसत नव्हती. माय चुलीपुढून उठताना आधी एक हात भिंतीला लावत होती, मग दुसरा गुडघ्यावर ठेवत होती, मग तशीच वाकलेली थांबत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई बाई, अंग आखडलंय." एवढ्यावर विषय संपला. मायचा कुठलाही आजार या एका वाक्यात बसतो.

धाकटीनं मला मागच्या दारी नेलं. ती तेव्हा बारावीला होती, आष्टीच्या कॉलेजात सायन्सला, रोज जीपला लोंबकळत जायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. घरात दुसऱ्या कुणापेक्षा मायलाच त्याची जास्त हौस होती. सुई टोचायची भीती वाटणार नाही का, असं ती धाकटीला पुन्हा पुन्हा विचारायची आणि नाही म्हटलं की खूश व्हायची. धाकटी मला म्हणाली, "ताई, माय घागर उचलंना. पानी मीच भरते. आबाला कळू देऊ नको म्हनती."

"कावून?"

"तूच इचार तिला. मला सांगंना."

मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी मायला जीपमध्ये घालून आष्टीला घेऊन गेले. तिथे एका दवाखान्यात एक्स-रे काढतात. मायला टेबलावर झोपवलं, कुशीवर वळवलं, श्वास रोखायला सांगितला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्या ताऱ्यालाबी आसंच झोपवतेत का गं?" मी म्हटलं, ताऱ्याचे किरण त्याचे स्वतःचे असतात, तुझ्यातून ते मशीननं आरपार सोडलेत. "म्हंजी त्याच्यात तरी काय हाय," ती म्हणाली आणि पदरानं घाम पुसला. बाकावर बसताना तिनं पुन्हा हात भिंतीला लावला होता.

फिल्म हातात आली तेव्हा डॉक्टरकडे जायच्या आधीच मी ती खिडकीशी धरली. मला शरीरातलं काही कळत नाही, पण किरण कुठे अडलेत आणि कुठे अडले नाहीत एवढं ओळखण्याचाच माझा धंदा आहे. हाडं पांढरी दिसायला हवीत, कारण ती किरण अडवतात. मायची हाडं करडी दिसत होती. किरण त्यांच्यातून सरळ निघून गेले होते. कमरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला होता. मी फिल्म खाली घेतली.

डॉक्टरांनी मायला पहिला प्रश्न विचारला, "पिशवी काढलीय का?"

"काढलीय की. थोरली नववीला होती तवा."

मला तो हंगाम आठवतो. मी वसतिगृहात होते. फडात बाईचे पाळीचे दिवस कुणी धरत नाही. अंगावरून जात असलं, कळा येत असल्या, तरी गाडी भरायचीच असते. माय पोटाच्या दुखण्यानं एका दवाखान्यात गेली तर तिथल्या डॉक्टरनं पिशवी खराब झालीय, आत्ताच काढा, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगितलं. टोळीतल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या अशाच गेल्या होत्या. सुटली कटकट, असं त्या एकमेकींना सांगायच्या, जणू डोक्यावरचं एखादं ओझं उतरवून ठेवलंय. मायनंही मला फोनवर आनंदानं सांगितलं होतं. मी नववीतली पोरगी, मलाही बरं वाटलं होतं.

आष्टीचे डॉक्टर भले माणूस होते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेली दिसतात, तेव्हापासून हाडं पोकळ होत आलीत, असं त्यांनी मला समजावलं. मग मायकडे वळून सावकाश म्हणाले, "मावशी, वजन उचलायचं नाही. पट्टा देतो तो कमरेला बांधायचा. पट्ट्याशिवाय अंथरुणातून उठायचंसुद्धा नाही." मायनं मान डोलावली. पट्टा रुंद होता, आत पोलादी पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी स्वतः तो बांधून दाखवला. मायनं उभं राहून कंबर इकडेतिकडे वळवून पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बरं वाटतंय, म्हणाली. मलाही वाटलं, चला, एवढं तरी झालं.

घरी आल्यावर मी ओट्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं की माय यंदा जाणार नाही. माय माझ्यावर उसळली. "मी न्हाई गेले तर कोन जाईल? ही?" तिनं धाकटीकडे बोट केलं. "बाप-लेकीचाबी कोयता होतो. हिची बारावी हाय यंदा."

"मी कुठं म्हनलो हिला न्यायचं?" आबा म्हणाले.

"तुमी न्हाई म्हनायचे. मुकादम म्हनंल. टोळी म्हनंल."

तेव्हा मला कळलं की माय एवढे दिवस काय झाकत होती आणि कुणासाठी. तिला पाठीची फिकीर नव्हती. आपली पाठ गेल्याचं उघड झालं तर धाकटीच्या हातात कोयता येईल, ही एकच भीती तिला होती. धाकटी खाली मान घालून बसली होती. मी म्हटलं, पैशाचं मी बघते, मला फेलोशिप मिळते, आबा, यंदा तुम्हीसुद्धा जाऊ नका. त्यावर आबा पहिल्यांदा चिडले. "पैशाचं न्हाई बाई ते. शब्द दिलाय मी. टोळीत एक कोयता कमी पडला की बाकीच्यांनी ती गाडी भरायची. आपल्या भावकीचीच मानसं हायत. त्यांच्या बायका काय लोखंडाच्या हायत का?"

मी हटून बसले. शेवटी आबा म्हणाले, "बरं. हिलाबी नेत न्हाई आन् तिलाबी न्हाई. मी मुकादमाशी बोलतो. यंदा फड जवळच हाय, कडा गावाच्या बाजूला. काहीतरी निघंल." आबांनी मला दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. मी निर्धास्त होऊन पुण्याला आले.

पुढचे दिवस मी संगणकापुढून उठले नाही. तारे जवळ येत होते. दुर्बिणीकडून येणाऱ्या प्रत्येक नोंदीत क्ष-किरण वाढत होते, मध्येच भडकत होते, पुन्हा बसत होते. मी अन्नपाणी विसरले होते असं लिहायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे मी भरपूर खात होते आणि सरांशी वाद घालत होते. मायला फोन लागायचा. कुठे आहेस विचारलं की म्हणायची, "घरीच हाय की, कुठं जायलीय मी." पट्टा बांधतेस का? "बांधते की. सोडतच न्हाई." आवाज चांगला लागायचा. दुखतंय का विचारलं तर पहिल्यांदा म्हणाली होती, थोडंथोडं. नंतर म्हणाली, कमी हाय. मग एकदा म्हणाली, "आता दुखतच न्हाई बग."

मी तो फोन ठेवला आणि पुन्हा ताऱ्याकडे वळले. मी सुखात होते. त्याच आठवड्यात किरण घसरायला लागले. रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली. सगळे याचीच वाट पाहत होते, पण मला फक्त कडक किरणांत रस होता. ते शिल्लक राहणारच, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. काळोखातली पहिली नोंद आली. आम्ही ती उघडली, साफ केली, मऊ आणि कडक वेगळे केले. मऊ नव्हते. कडकही नव्हते. आकाशाच्या कुठल्याही रिकाम्या तुकड्यातून येतात तेवढेच किरण तिथून येत होते. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. आड काही असलं-नसलं सारखंच होतं, कारण आडून डोकावायला मागे काही उरलंच नव्हतं. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी मला चिडवलं असतं तर बरं झालं असतं, पण ते नुसतं "विझलं गं" म्हणाले आणि चहा सांगायला गेले. मला हरल्याचा राग आला. मी रजा टाकली आणि दिवाळीला दोन दिवस असताना रुसलेल्या पोरासारखी गावाकडे निघाले.

घरात धाकटी एकटीच होती. चूल थंड होती, मायची गोधडी जागेवर नव्हती, मोठं पातेलं नव्हतं. मला पाहून ती उभी राहिली आणि रडायलाच लागली. "माय फडात हाय," ती म्हणाली. "पैल्या दिवसापासून. आबांना तिनंच म्हनलं, पट्टा मिळालाय तर आता काय अडतंय. मला शपथ घातली. मला फोन केला की पुस्तक घेऊन बस म्हनायची आन् तुला घरीच हाय म्हनून खोटं सांगायची."

आम्ही दोघी जीप बदलत बदलत कड्याच्या बाजूला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बांधाला होत्या आणि पलीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली भरणं चाललं होतं. ट्रॉलीला तिरकी फळी लावलेली. त्या फळीवरून बायका-माणसं डोक्यावर मोळी घेऊन वर चढत होती. त्यांच्यात मला माय दिसली. साडीवर आबांचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि शर्टाच्या वरून, सगळ्यांना दिसेल असा, घट्ट आवळलेला पट्टा.

मी ओरडले नाही. फळीवर असताना ओरडू नये हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिनं वर जाऊन मोळी टाकली, खाली आली, आणि मला पाहून तिच्या तोंडावर चोरी सापडल्याचा भाव येईल असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. ती हसली. कमरेवर दोन्ही हात ठेवून तिनं पट्टा मला दाखवला. "बग, बांधलाय की. डाक्टरनं सांगितलं तसं. पट्ट्याशिवाय एक मोळी उचलली न्हाई."

आबा मागून आले. तेही तेच म्हणाले, "पट्ट्याबिगर उठायचं न्हाई म्हनले ना ते? रोज मीच बांधून देतो, जोर लावून." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. उभा जन्म कामातून दुसऱ्या कामात गेलेल्या माणसांना अंगावर बांधायची कुठलीही वस्तू कामासाठीच दिलेली असते. चुंबळ डोक्याला, फडकं हाताला, पट्टा कमरेला. उचलू नका, हे डॉक्टरांचं पहिलं वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं, पण घरात पट्टा आल्यावर ते रद्द झालं होतं. एखादी बाई नुसती पडून राहावी म्हणून कुणी तिला एवढं मजबूत हत्यार देईल, हे त्यांना सुचणारच नव्हतं. मी मात्र ते वाक्य पुरतं समजून घेतलं होतं आणि त्यांनीही तसंच घेतलं असेल असं धरून चालले होते.

"आन् गुण किती आलाय," माय म्हणाली. "दुखायचं पार ऱ्हायलंय. पैल्यांदा मुंग्या यायच्या पायाला. आता त्याबी येत न्हाईत."

धाकटीनं माझा दंड धरला. ती मायच्या पायाकडे बघत होती. तोडलेल्या उसाचे बुडखे जमिनीत सुरीसारखे उभे असतात. मायच्या उजव्या पायात चप्पल नव्हती आणि टाच फाटली होती. चांगली खोल. माती आणि रक्त मिळून तिचा पाय घोट्यापर्यंत काळा झाला होता, आणि फळीवर तसेच ठसे उमटले होते.

"माय, चप्पल कुठं हाय तुझी?" धाकटीनं विचारलं.

"पायातच हाय की," माय म्हणाली, आणि मग तिनं खाली पाहिलं.

मला त्या क्षणी जे कळलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तिचं दुखणं झाकलं गेलं नव्हतं. मी फोन ठेवून ताऱ्याकडे वळत होते त्या दिवसांत ते विझलं होतं.

मोळ्यांचा ढीग तसाच टाकून टोळीनं तिला उचललं. ट्रॅक्टर सोडवून घेतला, पुढे गाडी केली, आधी आष्टीला आणि तिथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. भावकीची माणसं तोडणी सोडून दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली. वाटेतच तिचे पाय लुळे पडले होते. ऑपरेशन झालं. हाडाचा तुकडा मज्जातंतूंवर फार दिवस दाबून राहिला होता, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आणि पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. मायला घरी आणून बाजेवर ठेवलं. कमरेखालचं तिचं अंग तिला परकं झालं होतं. कूस आम्ही वळवायची, बाकीचंही सगळं आम्हीच करायचं. त्या गोष्टीची तिला इतकी लाज वाटायची की ती पाणी प्यायची टाळायची.

त्याच दिवसांत सरांचा फोन आला. ताऱ्याचे क्ष-किरण परत यायला लागले होते, आधी कडक, मग मऊ, रोज थोडे जास्त. टक्कर पुन्हा सुरू झाली होती. अंकांसकट सगळं त्यांनी आनंदानं सांगितलं, आणि मग मी कुठे आहे हे आठवून आवरतं घेतलं. मी म्हटलं, छान झालं. मला त्या ताऱ्याचा तिरस्कार वाटला. ज्याच्यावर मी तरुणपणाची सगळी वर्षं घातली, त्याच्यावर आजही माझा तो राग पुरता गेलेला नाही.

मग मुकादम आला. माणूस वाईट नव्हता. येताना त्यानं मायसाठी केळी आणली, बाजेजवळ बसून तिची विचारपूस केली, आणि उठताना आबांना हळूच म्हणाला, "मंग आता कसं करता?" त्यानं धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

मी त्याच्याशी भांडले. आबांशी भांडले. मी जाते तुमच्याबरोबर, असंही म्हणून झालं. आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. पण मी हात टेकले ते धाकटीपुढे. तिनं मला मागच्या दारी नेऊन सांगितलं, "ताई, टोळीनं हातातला कोयता टाकून मायला नेलं. त्यांची गाडी आपल्यामुळं आडलीय. आबा एकटे गेले तर त्यांना कुनी काय बोलनार न्हाई, पन त्यांच्या वाट्याच्या मोळ्या भावकीतल्या काकूंना उचलाव्या लागतील. काकूंचीबी पिशवी काढलीय." मग म्हणाली, "परीक्षेला येते मी." ते तिचं तिलाही खरं वाटत नव्हतं. मायची सगळी उसाभर करायला मी घरी राहायचं, आणि तिनं जायचं, असं ठरलं.

मला वाटलं होतं, माय आकांत करील. जिच्यासाठी तिनं पाठ मोडून घेतली ती पोरगी शेवटी फडातच चालली होती. पण मायनं नुसतं ऐकून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं बाज अंगणात काढायला लावली. धाकटीला म्हणाली, "कडब्याचा भारा आन. लई मोठा नको."

धाकटीनं भारा आणला. मायनं तिला चुंबळ कशी वळायची ते दाखवलं, कोपरावर टेकून, स्वतःच्या हातानं वळून. भारा आधी गुडघ्यावर घ्यायचा, मग छातीवर, मग एका झोक्यात डोक्यावर. कंबर वाकवायची न्हाई, गुडघ्यातून उठायचं. मान ताठ. फळीवर पाय आडवा टाकायचा. खाली बघायचं न्हाई, पाय आपला आपन शोधतो. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि तिचं तोंड दाबावं असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी, तिनं काही सांगायचं सोडू नये असंही.

पहिल्यांदा भारा घसरला. दुसऱ्यांदा धाकटी तो घेऊन उठली, डगमगली, सावरली आणि अंगणात चालू लागली, एक फेरी, मग आणखी एक. मान ताठ होती, हात सुटे होते. बाजेवरून माय तिच्याकडे डोळे लावून बघत होती. दवाखान्यातून आल्यापासून ती हसली नव्हती, ती आता हसली.

"जमतंय की गं तुला," माय म्हणाली.

धाकटी डोक्यावरच्या भाऱ्यासकट सावकाश आमच्याकडे वळली. तिलाही आनंद झाला होता.